पोपटीनं भाजलेलं तोंड

दाजीचं तोंड पोपटीनं भाजलं, ही बातमी खांब गावापासून निडीपर्यंत कुणालाच बातमी वाटली नाही. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की या भागात ज्याचं तोंड भाजत नाही तो एक तर आजारी असतो, नाहीतर बाहेरगावचा पाहुणा. पोपटी म्हणजे भांबुर्डीचा पाला आणि शेंगा ठासून भरलेलं मडकं शेतात उपडं घालायचं, वर पेंढा नि काटक्या रचून पेटवायचं आणि शिजलं की गोणपाटावर ओतायचं. मग शेंग निवायची वाट बघणं हे इथं जवळजवळ उद्धटपणाचं लक्षण. पौषात अर्धं गाव तोंड वासून, आत हवा ओढत बोलत असतं आणि कुणी कुणाला कारण विचारत नाही.

त्यातून दाजी म्हणजे पोपटी लावणारा. त्याचं नाव होतं त्यात. पेटलेला ढिगारा खाली बसला की तो काठीनं राख बाजूला सारायचा, मडक्याच्या पाठीवर पाण्याचे चार शिंतोडे मारायचा आणि पाणी कसं चुरचुरतं ते ऐकून सांगायचा, "अजून नाय." किंवा म्हणायचा, "काढा." त्यावर वाद घालायची कुणाची टाप नव्हती. हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांतून त्याला बोलावणी यायची, पेणहून यायची. आणि जो मडकं लावील, पहिली मूठ त्याची, हा जुना मान. दाजीनं आधी हात घालायचा, मूठभर कढत शेंगा उचलायच्या, खायच्या, मान हलवायची. मग बाकीच्यांनी तुटून पडायचं.

तर असल्या माणसाच्या तोंडात एक जखम झाली, डाव्या गालाच्या आतल्या अंगाला, पार मागे. तो "पोपटी" म्हणाला आणि सगळ्यांनी मान डोलावली.

मालूनंही डोलावली. मालू ही दाजीची बायको. लेक पेणला दिल्यापासून घरात दोघंच, त्यामुळे बोलायचं सगळं काम तिच्यावर पडलेलं, आणि तिनं त्यात कधी हयगय केली नाही. तिचा रोजचा विषय दाजीची तंबाखू. "तुमची ती तंबाकू एक दिवस जीव घेईल तुमचा," हे वाक्य ती रोज सकाळी परसदारी उकिडवी बसून, मशेरीचं बोट दातांवरून फिरवता फिरवता म्हणायची. मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. पण ती मालूनं स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या तव्यात भाजलेली असल्यामुळे मालू तिला तंबाखूत धरत नसे. दाजीनंही तसं कधी तोंडावर सुचवलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस काही गोष्टी शिकतो.

आणि मग यंदाच्या दिवाळीत चमत्कार झाला. दाजीनं तंबाखू सोडली. न सांगता, न सवरता. कोनाड्यातली चुन्याची डबी तशीच पडून राहिली आणि आतला चुना वाळून खडा झाला. मालूनं तो खडा चार जणींना नेऊन दाखवला. लेकीला, अनिताला, पेणला फोन लावला. "माझ्या तोंडाला लागला तर देव पण सुधारंल," असं तिला सांगितलं, आणि पुढचे कित्येक दिवस ती गावातून जरा मान वर करून चालत होती. खरं सांगायचं तर मालूच्या आयुष्यात तिच्या बोलण्याचा असा रोकडा परिणाम यापूर्वी झालेलाच नव्हता.

म्हणून पौषात दाजीचं तोंड भाजलं तेव्हा ती उदार मनानं उपचाराला लागली. जाईचा पाला चावायला दिला. तुरटीच्या गुळण्या झाल्या, रात्री तूप लावून झालं, गुलकंद झाला. रोह्याच्या बाजारातून कुणाकडून तरी मलम आणवलं. जखम हटेना. पण तिचंही उत्तर तयार होतं, कारण एक पोपटी निवते न निवते तोच दुसरी लागायची. "काल परत भाजलं," दाजी म्हणायचा. "थोडं धीरानं खावा की," मालू म्हणायची. तो मान हलवायचा, चहात बुडवून भाकरी खायचा आणि ताटावरून लवकर उठायचा.

माघात एका रविवारी अनिता आली. पेणहून तिच्या सासरची पाचसहा माणसं पोपटीला आणली होती. दाजीनं घरच्याच शेतात मडकं लावलं. ऊन उतरलं होतं. शेजारच्या वाफ्यातल्या वालाच्या वेलीत बायका शेंगा खुडत होत्या, पेणची मंडळी मोबाइलवर मडक्याचे फोटो काढत होती. दाजीनं पाण्याचे शिंतोडे मारले, कान दिला. "काढा."

मडकं ओतलं. वाफ उठली. दाजीनं गोणपाटावर हात घातला, मूठ भरली, आणि त्याच झोकात हात शेजारच्या काळुरामच्या ओंजळीवर नेऊन रिकामा केला. मग तोंड हलवलं, मान हलवली आणि म्हणाला, "झकास." सगळे तुटून पडले.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. मालूच्या आलं, कारण ती नेमकी त्याच वेळी त्याच्या मीठ कमी टाकण्यावर काहीतरी बोलायची संधी शोधत होती.

काळुराम हा दाजीचा बालमित्र. शेताला शेत लागून, तंबाखूची पिशवी आलटून पालटून एकच. तो शेंगा फुंकत मालूजवळ येऊन बसला.

"वैनी, तुमच्या मालकाला यंदा काय झालाय? राजा झालाय नुसता. एकूण एक पोपटीला पहिली मूठ मला. माझ्या बापानं पण इतकं लाड केलं नव्हतं."

"एकूण एक?"

"व्हय. हमरापूरला पण. तिथलं मालक बघत व्हतं, मला लाज वाटली." लाज वाटल्याचं सांगतानाही त्याचा हात थांबला नव्हता.

मालूच्या हातातली शेंग हातातच राहिली. प्रत्येक पोपटीची मूठ काळुरामला, तर मग दाजीचं तोंड भाजलं कशानं?

बाई तोंडानं फटकळ होती, पण हिशेबाला पक्की. ती तिथंच बसून मागे मागे जाऊ लागली. पोपट्या सुरू झाल्या त्या पौषात. पण त्याच्याआधी मार्गशीर्षात गुरुवारच्या उपासाला दाजीनं शेंगदाणे बाजूला सारले होते. आणि त्याच्याही आधी दिवाळीत. दिवाळीत तो चकली चहात बुडवून खात होता. मालूला त्याचा केवढा राग आला होता. चकली कडक झाली असं तोंडानं न सांगता हा माणूस चहात बुडवून दाखवतोय, असं समजून ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती, आणि गिरणीवाल्याशी भाजणीवरून भांडून आली होती ते वेगळंच.

चकली कडक नव्हती. आणि तंबाखू तिच्या बोलण्यानं सुटली नव्हती. तोंडात ठेवायला जागाच राहिली नव्हती म्हणून सुटली होती.

तिला आधी संताप आला. जिंकलेली एकुलती एक लढाई कुणी परत घ्यावी तसा. मग तो ओसरला, कारण तिला दत्ता आठवला.

दत्ता म्हणजे दाजीचा थोरला भाऊ. त्याच्याही गालात असंच काहीतरी झालं होतं. त्यानं वर्ष काढलं. मग मुंबईला नेला, जबडा अर्धा काढला, आणि तो घरी आला तो जे बोलायचा ते फक्त दाजीला कळायचं. दत्ता काहीतरी घोगरं बोलायचा आणि दाजी शेजारी बसून ते सगळ्यांना सांगायचा. पेज पिऊन पिऊन दत्ता गेला. त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

मालू उठली. गोणपाटावरची सगळ्यात कढत शेंग तिनं उचलली आणि दाजीपुढे जाऊन उभी राहिली.

"घ्या. खा."

"झालं माझं. पोट भरलं."

"कशानं भरलं?"

दाजीनं शेंगेकडं बघितलं, मग तिच्याकडं. गप्पा थांबल्या. पेणच्या मंडळींना वाटलं हा पोपटीचाच काही विधी असेल, त्यातल्या एकानं मोबाइल वर केला. अनितानं त्याचा हात खाली केला.

"बाबा," ती म्हणाली, "तोंड दाखवा बघू."

"गावासमोर तोंड काय उघडू? मी काय बाजारातला बैल हाय दात मोजायला?" दाजी उठला आणि रिकामं मडकं उचलून विहिरीकडं चालू लागला. पोपटीचं मडकं कुणी धुवत नाही. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मालू मागून गेली. विहिरीच्या कठड्यावर दाजी मडकं मांडीत घेऊन बसला होता.

"किती महिने झाले?" तिनं विचारलं. आवाज खालचा होता. दाजीला त्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

"दिवाळीच्या आधीपासून."

"मंग सांगायचं नाय?"

"दुखत नव्हतं गो आधी. नुसतं जिभेला लागायचं. म्हटलं, जाईल." तो थांबला. "आनि सांगितलं की तू न्हेणार. न्हेलं की ते हात लावणार. हात लावला की वाढतं. दत्ताचं बघितलंस ना? घरनं चालत गेला होता तो. सुरी लागली आनि गेला."

मालू कठड्यावर त्याच्या शेजारी बसली.

"भावजींनी वरीस काढलं घरात," ती म्हणाली. "सुरीनं काय वाढवलं? जे वाढवलं ते त्या वरसानं वाढवलं. ते पण सगळ्यांना सांगायचे, दाढ दुखते म्हणून. तुमी पोपटी म्हणता, एवढाच काय तो फरक."

दाजी मडक्याच्या काठावरची राख बोटानं पुसत राहिला.

"मला तुमचं बोलणं दुसऱ्याकडनं ऐकायचं नाय," मालू म्हणाली. आयुष्यभर ती त्याला बोलूच देत नव्हती, हे त्या क्षणी दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"बघायचं फक्त," दाजी शेवटी म्हणाला. "हात लावू द्यायचा नाय."

दुसऱ्याच दिवशी मिनीडोर रिक्षानं दोघं रोह्याला गेली. दातांच्या दवाखान्यातली डॉक्टर मृणाली नावाची मुलगी होती, अनिताहूनही लहान. दाजीला जरा हायसं वाटलं. एवढ्या पोरीला गुंडाळणं काय अवघड. तो खुर्चीवर मागे रेलला आणि पोपटीची हकिगत सुरू केली. मडकं किती तापतं, शेंग किती कढत असते, आपला पहिल्या मुठीचा मान.

मृणालीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी धाटावची. पोपटीनं माझं तोंड दर वर्षी भाजतं. टाळू भाजते, जिभेचा शेंडा भाजतो. शेंग इतकी मागे, दाढेपलीकडे जाऊन भाजली कशी? तुम्ही चावायच्या आधी तिला तिकडं धाडली होती काय?"

मालूला तोंडात पदर धरावा लागला.

"आणि भाजलेलं आठदहा दिवसांत भरून येतं. उष्णतेनं साधं तोंड येतं तेही तसंच. आज ओठात, पुढच्या खेपेला जिभेवर, येतं आणि जातं. हे किती दिवस एका जागी बसलंय?"

"दिवाळीपासून," मालूनं सांगून टाकलं.

मृणालीनं मान हलवली, पण रागावली नाही. हातमोजा घालून तिनं जखमेच्या कडेनं बोट फिरवलं. हात लावायचा नाही ही अट तिला कुणी सांगितली नव्हती, आणि दाजीचं तोंड उघडं असल्यामुळे त्यालाही सांगता येईना. मग तिनं गळ्याच्या दोन्ही बाजू चाचपल्या, गाठ आहे का बघितलं. "तुमचीच तीन बोटं उभी करून तोंडात घाला बघू," म्हणाली. दाजीची दोनच गेली. तिसऱ्याला जागा नव्हती. दाजीनं पुन्हा करून बघितलं. वालाच्या मळ्यात उभं आयुष्य गेलेला माणूस, पण आपलं तोंड कधी बारीक झालं ते त्याला कळलंच नव्हतं.

"दाढेचा एक कोपरा तुटलाय, तो रोज तिथंच घासतोय," मृणाली म्हणाली. "त्यानंही असं होऊ शकतं. पण कड कडक लागतेय, भोवती पांढरा चट्टा आहे आणि इतकी वर्षं तंबाखू. नुसतं बघून मी काही सांगणार नाही, आणि दुसरं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बारीक तुकडा काढून तपासायला हवा. पेणला एक सर्जन आहेत, त्यांना फोन करते."

"तुकडा काढला की पसरतं म्हणतात," दाजी म्हणाला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता.

"पसरत नाही, काका. लोक फार उशिरा येतात, म्हणून तपासणीनंतर वाढलेलं दिसतं. तोंडातली कुठलीही जखम दोनतीन आठवड्यांत बरी झाली नाही, की दुखो न दुखो, दाखवायची. दुखत नाही म्हणून तर लोक बसून राहतात." तिनं हातमोजे काढले, नवे घातले आणि मालूकडं वळली. "काकी, तुम्ही या आता."

"मी? मला काय झालाय?"

"दात बघू."

मालू आजूबाजूला बघू लागली. पण दवाखान्यात तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. ती खुर्चीवर बसली. मृणालीनं दिवा ओढला.

"मशेरी लावता?"

"थोडीशी. दातांना बरी असते."

"तंबाखूच ना ती?"

"भाजलेली," मालू म्हणाली.

तेव्हा दिवाळीनंतर पहिल्यांदाच दाजीच्या चेहऱ्यावर खरं हसू आलं. मृणालीनं मालूच्या खालच्या हिरडीवरचा एक पांढुरका डाग तिला आरशात दाखवला, आज काळजीचं नाही म्हणाली, पण मशेरी बंद आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला यायचं. मालू खुर्चीवरून उतरली. रस्त्यावर आल्यावर दाजी हळूच म्हणाला, "तव्यात भाजलेली ती येगळी असते म्हणावं." त्या दिवशी त्याला माफ होतं.

मग रोह्याहून रेल्वेनं पेण. निडीला गाडी थांबली तेव्हा दाजीला एकाएकी आठवलं की इथं कुणाकडे तरी वालाचं चांगलं बी आहे आणि ते आत्ताच बघायला हवं. मालूनं त्याचं मनगट धरलं, ते नागोठणं मागे पडेपर्यंत सोडलं नाही.

सर्जननं गालाला सुई दिली आणि तुकडा काढला. तुटकी दाढही काढून टाकली. दाजी म्हणाला, मुंगी चावली तेवढंच. बाहेर आल्यावर मात्र बराच वेळ तो अनिताच्या हाताला धरून बसून होता. रिपोर्ट यायला दिवस लागणार होते. ती दोघं अनिताकडेच राहिली. मऊ भात, वरण, केळं. अनिताच्या घरी पाहुणचाराला काही कमी नव्हतं, पण मालूचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी उठली की बोट आपोआप कमरेच्या पिशवीकडं जायचं. पिशवीत मशेरी अजून होती. तिथं कुणी बघत नव्हतं. पण दाजीनं दिवाळीपासून तंबाखूला हात लावला नव्हता, निदान तसं तो सांगत तरी होता, आणि त्याच्यापुढे हरणं तिला आत्ता तरी जमणार नव्हतं. ती रिकामं बोट दातांवरून फिरवायची आणि देवाला म्हणायची, ह्याला बोलता राहू दे, मी गप्प बसते. त्यातला दुसरा भाग देवानं गंभीरपणे घेऊ नये असंही तिला वाटायचं.

रिपोर्ट आला. सर्जननं तिघांना समोर बसवलं आणि आधी महत्त्वाचं तेच सांगितलं. कॅन्सर नाही. पण पेशी बदलायला लागल्या होत्या, त्या वाटेवर पाऊल पडलेलं होतं. उरलेला भागही काढून टाकू, लहानसं काम आहे. तंबाखू परत तोंडात नाही, आणि ठरल्या वेळी दाखवायला यायचंच.

"आणखी एक वर्ष तुम्ही पोपटीवर ढकललं असतंत तर," सर्जन म्हणाले.

"तर दत्ता," दाजी म्हणाला.

मालू रडली. अनितानं पाणी दिलं. दाजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि परतीच्या गाडीत तो इतकं बोलला की मालूला मधे शिरायला जागा मिळेना. तिनं चालवून घेतलं.

दाजीचा गाल भरून आला तोवर वाल निबर व्हायला लागला होता. मोसमातली शेवटची पोपटी पुन्हा त्याच शेतात लागली. पेणहून अनिताची माणसं आली, काळुराम तर होताच. दाजीनं राख सारली, शिंतोडे मारले, ऐकलं. "काढा."

मडकं ओतलं. दाजीनं मूठ भरली. काळुरामनं सवयीनं ओंजळ पुढे केली. पण या खेपेला हात त्याच्यावरून पुढे गेला आणि मालूच्या हातावर रिकामा झाला. हा मान बाईमाणसाला मिळाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मालूनं तो नाकारण्याचं काही कारण नव्हतं. तिनं शेंग सोलली आणि न फुंकता तोंडात टाकली.

"भाजलं," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी आलं.

"आ कर," दाजी म्हणाला.

"हितं? सगळ्यांसमोर?"

"मग? तू काय बाजारातला बैल हायस?" त्यानं अनिताचा मोबाइल घेतला, टॉर्च लावला. मालूनं इकडंतिकडं बघितलं आणि तोंड उघडलं. दाजीनं वाकून, मान तिरकी करून, मडक्याला कान द्यायचा त्याच गांभीर्यानं आत पाहिलं. "टाळूला. बरोबर हाय, पोपटीचंच दिसतंय. आज रविवार. अजून दोन रविवार वाट बघणार. नाय गेलं तर रोह्याची मिनीडोर."

मालूचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. काळुराम पोट धरून हसत होता. इतक्या वर्षांत वैनी उघड्या तोंडानं गप्प बसलेल्या पहिल्यांदाच बघतोय, म्हणाला.

मालूनं तोंड मिटलं. दाजीच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि टॉर्च काळुरामच्या चेहऱ्यावर धरला.

"आता तुमी, भावजी."

काळुरामचं हसू एका बाजूनं विझलं. त्यानं हात गालावर नेला. सगळ्यांकडं बघितलं, मग गोणपाटाकडं.

"माझं काय बघायचं, वैनी," तो म्हणाला. "पोपटीनं भाजलंय."

कुणीच हसलं नाही. दाजीनं हातातली शेंग खाली ठेवली आणि काळुरामच्या शेजारी येऊन बसला.

"कंच्या पोपटीनं?" मालूनं विचारलं.